ट्रेभर माणिकप्पा

मुरुम गावच्या पेठेत माणिकप्पांची भट्टी आहे. पुढं दुकान, मागं भट्टी आणि दोन्हींच्या मध्ये गल्ल्यावर स्वतः माणिकप्पा. पाव, खारी, टोस्ट आणि नानकटाई यांच्या पलीकडं माणसानं काही खावं असं त्यांना वाटत नसे, आणि त्यांना जे वाटत नसे ते दुकानात येत नसे. अंगापिंडानं भरलेला माणूस. डोक्याला पांढरा पटका, ओठावर त्याहून पांढऱ्या मिशा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि पोट असं की गल्ल्याचा ड्रॉवर उघडायचा तर खुर्ची मागं सरकवावी लागे.

त्यांच्या सुनेला, श्रीदेवीला, त्या अख्ख्या दुकानातलं एकच हवं होतं. काचेच्या कपाटातला मधला कप्पा. वरच्या कप्प्यात खारी आणि टोस्ट, खालच्यात नानकटाई, आणि मधल्यात, म्हणजे गिऱ्हाइकाची नजर जिथं पहिल्यांदा पडते नेमकं तिथं, माणिकप्पांची औषधं, चष्म्याचं घर, बंद पडलेला रेडिओ आणि एक प्लॅस्टिकचा पोपट. त्या पोपटाला पेठेत एवढी मोक्याची जागा कशी मिळाली हे कुणालाच माहीत नव्हतं.

श्रीदेवी सोलापूरची. लग्नाआधी ती तिथं बिस्किटं, केक करायला शिकली होती आणि हाताला चव होती. पण सासरी आल्यापासून तिची बिस्किटं डब्यात पडत, डबा पाहुण्यांपुढं जाई, पाहुणे "वा वा" करत आणि वा वा चहाबरोबर पोटात जाई. तिला ती वा वा नको होती. आपल्या हातचा माल काचेमागं दिसावा आणि अनोळखी माणसानं बोट दाखवून "ते द्या" म्हणावं, एवढंच तिला मनापासून हवं होतं. तिनं दोनदा विषय काढला होता. दोन्ही वेळा माणिकप्पा म्हणाले होते, "कप्पा माल ठेवायला असतोय. हौस ठेवायला न्हाय." पोपटाबद्दल विचारायची तिची छाती झाली नाही. नवरा गौरीशंकर टेम्पोतून उमरग्याच्या ढाब्यांना पाव पोचवायचा, आणि घरात असा काही विषय निघाला की त्याच्या टेम्पोला नेमकं तेव्हाच डिझेल भरायचं असे.

अशात नाताळ तोंडावर आला आणि तारामतीबाई दुकानात आल्या.

तारामतीबाई सरकारी दवाखान्यातल्या जुन्या नर्स, आता निवृत्त. निम्म्या मुरुमनं त्यांच्या हातची इंजेक्शनं घेतलेली, आणि माणिकप्पा अजूनही घेत होते. त्यामुळं सगळ्या गावावर चढणारा माणिकप्पांचा आवाज बाईंपुढं आपोआप खाली येई. दिवाळीत गावातल्या बायका मैदा, तूप, साखर डब्यातून आणून भट्टीत नानकटाई भाजून नेतात, तशा बाई दर नाताळला मैदा, लोणी आणि पत्र्याचे साचे घेऊन यायच्या आणि चर्चमधल्या पोरांसाठी बिस्किटं भाजून न्यायच्या. चांदण्या, घंटा, नाताळचं झाड आणि नाताळबाबा.

"यंदा माझा खांदा धरलाय," बाई म्हणाल्या. "मळणं, लाटणं व्हायचं नाही. श्रीदेवी, तू करशील का? आणि नाताळबाबाचा साचा नातवानं स्कूटीखाली घातला. तेवढा नवीन करून घ्यावा लागेल."

श्रीदेवीनं हो म्हणायच्या आधी सासऱ्यांकडं पाहिलं. बाईंनी ते पाहणं बरोबर टिपलं.

"आप्पा, पोरगी एवढं करणार. तिला काय देणार तुम्ही?"

"घरच्याच माणसाला काय द्यायचं?"

"तिला विचारा की."

श्रीदेवीनं मान खाली घालून कपाटाकडं बोट केलं. माणिकप्पांनी कपाटाकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं, आणि पुढच्या सोमवारी इंजेक्शन आहे हेही त्यांना आठवलं असावं. "बरं," ते म्हणाले. "पण एक गोष्ट. माझ्या भट्टीतनं माल गेला की मागं येत न्हाय. नाताळाचा समदा माल तिथंच खपला तर कप्पा तुजा. एक बी बिस्कीट मागं आलं, तर पुना त्या कप्प्याचं नाव काढायचं न्हाय."

श्रीदेवीला त्या क्षणी वाटलं की कप्पा मिळालाच. लोण्याची बिस्किटं आणि पोरं, मागं काय येणार?

साचा करून आणायचं काम माणिकप्पांनी स्वतःकडं घेतलं. सुनेला पत्र्यातलं काही कळत नाही असं त्यांचं मत होतं. पत्र्याची कामं करणारा विरेश म्हणजे त्यांच्या पावाचे डबे, ट्रे, धुराडं सगळं करणारा हातखंडा कारागीर. दोन दिवसांनी माणिकप्पांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला साचा आणून सुनेच्या हातात दिला. पत्र्याची एक वळवलेली पट्टी, दुसरं काय. श्रीदेवीनं उलटसुलट करून पाहिली. बाजूनं उभा असलेला माणूस दिसत होता. पोट होतं, डोक्यावर काहीतरी होतं. कुठंतरी पाहिल्यासारखा वाटला, पण नाताळबाबा सगळ्यांनीच कुठंतरी पाहिलेला असतो. तिनं साचा धुऊन ठेवला.

नाताळच्या आदल्या दिवशी पाव निघाले आणि भट्टीची आग उतरली. बिस्किटांना अशीच दमलेली भट्टी लागते. लोणी गार, हात गार, हवा गार, सगळं तिच्या मनासारखं जुळून आलं होतं. तिनं लाटलं, कापलं, ट्रेमध्ये मांडलं. चांदण्यांची टोकं टोकदार राहिली, झाडं झाडांसारखी फुगली, घंटा तर वाजतील की काय अशा निघाल्या. ओळीनं निजलेले नाताळबाबाही छान बदामी भाजून आले. मग पिठीसाखर लिंबाच्या रसात कालवून, मेंदीच्या कोनासारखा कोन करून ती सजावटीला बसली.

बाईंनी सांगितलं होतं, टोपीला कपाळावर पांढरी पट्टी असते. तिनं एक पट्टी ओढली. ती बारीक वाटली. दुसरी ओढली. मग तिसरीही ओढली. लहानपणापासून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या कपाळावर तिनं तीनच पट्टे पाहिले होते, तिसऱ्यावर हात आपोआप थांबला. सगळ्या ट्रेवर पट्ट्या झाल्या. मग सगळ्यांना मिशा काढल्या, चांगल्या भरघोस. दाढ्या राहिल्या होत्या, तेवढ्यात सासू, सिद्धम्मा, चहा घेऊन भट्टीत आल्या.

सिद्धम्मांनी ट्रेकडं पाहिलं. चहाचा कप खाली ठेवला. डोक्यावरचा पदर पुढं ओढून नीट केला आणि एका बाजूला अंग चोरून उभ्या राहिल्या.

"आत्या, काय झालं?"

"अय्यो शिवने," सिद्धम्मा हळूच म्हणाल्या. "एवढे सगळे?"

श्रीदेवीनं पुन्हा ट्रेकडं पाहिलं. पटका. मिशा. भस्म. पोट. अख्खा ट्रे भरून माणिकप्पा निजले होते, ओळीनं, एकाच कुशीवर, दुपारी जेवण झाल्यावर निजतात तसे.

तिनं तिथूनच विरेशला फोन लावला.

"व्हय वैनी, आप्पाच हैत," विरेश पलीकडून सहज म्हणाला. "आप्पा म्हणले, म्हातारा माणूस, पोट सुटलेलं, पांढऱ्या मिशा, डोक्याला कायतरी. म्या म्हणलं समोरनं केला तर भोपळा दिसंल, जरा बाजूनं हुभं ऱ्हावा. ते ऱ्हायले हुभे. आता समोर असा तयार म्हातारा आसताना दुसरा कुठनं आणू?"

"अहो, पण मामांना कळलं कसं नाही?"

"सोताची बाजू कुणाला दिसतीय वैनी?"

तिनं फोन ठेवला. नवीन करायचं तर लोणी संपलं होतं आणि भट्टीही विझत आली होती. एकच उपाय सुचला, दाढ्या. बाईंनी सांगितलेल्या लांब पांढऱ्या दाढ्या काढल्या की माणूस बदलेल. तिनं घाईघाईनं पहिल्या ओळीला दाढ्या काढल्या आणि दोघी लांब होऊन पाहू लागल्या.

"आता श्रावणातले दिसाय लागले," सिद्धम्मा म्हणाल्या.

ते खरंच होतं. श्रावणात माणिकप्पा महिनाभर दाढी करत नसत. उलट आधी थोडीफार शंका घ्यायला जागा होती ती आता राहिली नाही. श्रीदेवीनं कोन खाली ठेवला. तेवढ्यात बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला, "झालं का? बघू दी की." तेव्हा एरवी सावकाश हलणाऱ्या सिद्धम्मा झटक्यात पुढं झाल्या आणि ट्रेवर धुतलेलं धोतर पांघरून म्हणाल्या, "वारं लागू द्यायचं न्हाय. मऊ पडतेत."

संध्याकाळी तारामतीबाई आल्या. धोतर बाजूला केलं आणि त्या मैद्याच्या पोत्यावर बसल्या. दुखरा खांदा धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हसता हसता म्हणाल्या, "असू दे गं. पोरांना गोड लागल्याशी मतलब. कोण बघतंय नाक कुणाचं आहे ते." श्रीदेवीला जरा धीर आला. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला सारखा तो पोपट दिसत राहिला.

मुरुमच्या बाहेर उमरग्याच्या रस्त्याला लहानसं चर्च आहे. दुसऱ्या दिवशी भक्ती, म्हणजे नाताळची प्रार्थना, संपली तेव्हा कडुनिंबाखाली टेबलं मांडली होती, करंज्या, चकल्या आणि बिस्किटांचे ट्रे. श्रीदेवी आणि सिद्धम्मा वाढायला उभ्या होत्या. माणिकप्पा बोलावल्याशिवाय आले होते. नवा पटका, इस्त्रीचा कोट, कपाळ ताजं. "माल मागं येतोय का बघायला नको?" म्हणाले, आणि टेबलापुढं खुर्ची टाकून बसले. बसले ते बाजूनं.

पोरांची रांग आली. चांदण्या पाहता पाहता गेल्या. मग झाडं गेली. घंटा तर पोरांनी आधी कानाशी हलवून पाहिल्या आणि मग खाल्ल्या. श्रीदेवीचा जीव फुलून आला. शेवटच्या ट्रेवरचं फडकं तिनं जरा चाचरतच काढलं.

पहिल्या पोरानं बिस्कीट उचललं. बिस्किटाकडं पाहिलं. खुर्चीतल्या माणिकप्पांकडं पाहिलं. पुन्हा बिस्किटाकडं पाहिलं आणि ते हळूच होतं तिथं ठेवलं. "भट्टीवाला आज्जा हाय," तो मागच्याला म्हणाला. मागच्यानंही पाहिलं. त्याच्या हाताचा बिस्किटाला चुकून धक्का लागला होता, म्हणून त्यानं बोटं छातीला लावून नमस्कार केला आणि करंजी घेऊन पुढं गेला.

"अरे घ्या की, गोड आहे," श्रीदेवी म्हणाली.

"कसं घ्यायचं?" तारामतीबाईंची नात सृष्टी, वेण्या घातलेली, मोठी शहाणी. "मोठ्या माणसाला पाय लागला तर पाया पडतेत. मग दात कसा लावायचा?"

मोठ्या माणसांना विचारून पाहिलं तर तीही मागं सरली. हरणाबाई नावाच्या एक आजी तर हात जोडून म्हणाल्या, "माझं लगीन झाल्यापासनं मी आप्पांचा पाव खाते बाई. आप्पांना कशी खाऊ?" ट्रे होता तसा राहिला. भरलेला, नीट, एकही माणिकप्पा न हललेला. श्रीदेवीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला विरेशचा राग आला, सगळ्या गावाच्या चांगल्या वळणाचा राग आला, आणि सगळ्यांत जास्त आपल्या हाताचा आला, जो तीनवर थांबला होता. एवढ्या जवळ येऊन कप्पा चालला होता.

रांग अडलेली पाहून माणिकप्पा उठले. "का थांबलं? माल का खपंना?"

त्यांनी ट्रेमधलं एक बिस्कीट उचललं. चष्मा दुकानात, कप्प्यात होता, म्हणून हात लांब करून पाहिलं, मग जवळ आणून पाहिलं.

"ह्यो कोण?"

सिद्धम्मा कडुनिंबाच्या शेंड्याकडं पाहू लागल्या. चर्चच्या पाळकसाहेबांना एकदम आतला पंखा बंद करायचं आठवलं. शेवटी इंजेक्शन देणाऱ्या बाईच पुढं झाल्या.

"तुम्हीच, आप्पा."

माणिकप्पांनी परत पाहिलं, खूप वेळ पाहिलं. "माझं पोट एवढं हाय?" ते म्हणाले.

"मामा, चूक माझी झाली," श्रीदेवी म्हणाली. "ट्रे परत नेते. कप्प्याचं नाव काढणार नाही."

माणिकप्पांचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. ते रिकाम्या ट्रेंकडं पाहत होते. "चांदण्या संपल्या?"

"संपल्या."

"झाडं?"

"संपली."

"त्या घंटा बी?"

"हो, मामा."

"म्हंजे म्या एकटाच ऱ्हायलो," माणिकप्पा म्हणाले.

त्यांना खरंच लागलं होतं. श्रीदेवीला वाटलं होतं आता पारा चढेल, पटका आपटतील. तसं काही झालं नाही. माणूस नुसता उभा राहिला, शाळेतल्या खेळात कुणीच आपल्या गटात न घेतलेल्या पोरासारखा. आयुष्यभर भट्टीवाल्याला एकच भीती असते, की माल मागं येईल. आणि आज अख्ख्या गावानं चांदण्या खाल्ल्या होत्या, झुडपं खाल्ली होती, आणि त्यांना मात्र तोंड लावलं नव्हतं.

"का खाइना मला कुणी?" त्यांनी पोरांना विचारलं.

"तुमी मोठे हैत," सृष्टी म्हणाली.

"मोठा हाय म्हणून उपाशी ऱ्हाता व्हय रं?" ते म्हणाले, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी स्वतःचं डोकं, पटक्यासकट, भस्मासकट, कुडूम करून चावून घेतलं.

माणिकप्पा चावत होते. मिशा वरखाली होत होत्या. त्यांनी डोळे मिटले, अजून थोडं चावलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी असं आलं जे श्रीदेवीनं गल्ल्यावर कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी खांद्याचा घास घेतला. मग पोट गेलं. पोटाला दोन घास लागले.

"हे तू केलंस?" त्यांनी विचारलं.

"हो, मामा."

"लोणी कुठंबी कडू पडलं न्हाय. भाजणी बी बरुबर." एवढंच म्हणाले आणि पोरांकडं वळले. "खा रं. आज्जा सांगतोय म्हणल्यावर ऐकायचं असतंय."

आता ऐकलं नाही तर तोच अपमान झाला असता. पोरं ट्रेवर तुटून पडली. एकानं विचारलं, "आज्जा, पायापासनं खाल्लं तर चालंल का?" "कुठनंबी खा," माणिकप्पा म्हणाले. एकजण डोकं खाऊन झाल्यावर वाकून नमस्कार करून दुसरं डोकं घ्यायला आला. हरणाबाईंनीही डोळे मिटून एक घेतलं. तारामतीबाई खुर्चीत बसून खांदा धरून हसत होत्या आणि अधूनमधून चावत होत्या. गाव ज्याच्यापुढं मान वर करत नव्हतं त्याला गाव आज मिटक्या मारत खात होतं, आणि तो मध्ये उभा राहून "दाढीचं घे, दाढीला साखर जास्त हाय" असं सांगत होता.

ट्रे रिकामा झाला. श्रीदेवीनं तो उलटा करून पाहिला, चुरासुद्धा उरला नव्हता. तिला रडू आणि हसू एकदमच आलं. ती सासूला सांगायला वळली तर सिद्धम्मा झाडाआड तोंड फिरवून उभ्या होत्या. पदर तोंडावर होता आणि पदराआड गाल हलत होते. लग्न झाल्यापासून ज्या नवऱ्याचं नाव त्यांनी तोंडात घेतलं नव्हतं तो अर्धा त्यांच्या तोंडात होता. हातातल्या बिस्किटाचं नुसतं धोतर उरलं होतं.

माणिकप्पांनीही ते पाहिलं. मिशांवरची साखर झटकली, पटका सारखा केला आणि सुनेला म्हणाले, "उद्या सकाळी त्यो कप्पा रिकामा कर. रेडिओ म्या घरी नेतो."

"हो, मामा," श्रीदेवी म्हणाली.

"आन विरेशला निरोप दे." त्यांनी झाडाकडं बोट केलं. "म्हणावं, पुढच्या खेपेला हिचाबी साचा कर. म्या एकट्यानं किती जणांचे दात सोसायचे?"

झाडाआड सिद्धम्मांना ठसका लागला. श्रीदेवी सासऱ्यांसमोर पहिल्यांदाच मोठ्यानं हसली आणि पाण्याचा तांब्या घेऊन सासूकडं धावली.